मेजर एनसी, मायनर एनसी आणि मरळ

भंडाऱ्याहून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र गाठायला रात्रभराची गाडी धरावीच लागते. तरीही मासोळीच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याचा आत्मविश्वास मालवणवाल्यांना लाजवील असा आहे. पापलेट आम्ही फोटोवरून ओळखतो, पण मरळ, शिंगाडा, बोटरी, झिंगे यांची नावं काढा, प्रत्येक घरात एक तज्ज्ञ निघेल आणि शेजारच्या घरात त्याचं मत खोडून काढणारा दुसरा. ही सगळी तलावांची कृपा. कोहळी मंडळींनी धानाच्या पाण्यासाठी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या नावावर चढले आणि १९५१ साली मालगुजारी गेली तसे सरकारजमा झाले. कागदावर ते ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’. मामाच्या घरचं भाच्यानं हक्कानं खावं तसं आम्ही त्यांतलं खातो.

अशा जिल्ह्यात ऑडिट काही नवं नाही. ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था गावोगाव आहेत. त्या तलाव ठेक्यानं घेतात, पावसाळ्यात बोटुकली सोडतात आणि दरवर्षी ऑडिटला तोंड देतात, कारण १९६०च्या सहकार कायद्यात तसं लिहिलेलं आहे. ऑडिटर आले की संस्थेतली एकमेव धड खुर्ची त्यांना मिळते. मग कीर्द, खतावणी, प्रोसीडिंग बुक, सभासदांची नोंदवही, मागच्या सालचा दोषदुरुस्ती अहवाल. “डोंग्याच्या दुरुस्तीचं व्हाउचर कुठं आहे?” असं साहेबांनी विचारलं की सचिव अध्यक्षाकडे पाहतो आणि अध्यक्ष छताकडे. शेवटी संस्थेला अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग मिळतो. शाळेत ज्यांना कधी ब मिळाला नाही, त्यांना म्हातारपणी संस्थेच्या नावानं तो मिळतो आणि ते समाधानानं घरी जातात. या सबंध प्रकारात मासा म्हणून कुठं येत नाही. ऑडिटरांना तो दिसला तर एकदाच दिसतो, दुपारी दीडच्या सुमारास, रश्श्यात. त्यावरचा त्यांचा शेरा तोंडी असतो आणि तो नेहमी अ वर्गाचा असतो.

प्रत्यक्ष माशाचंही ऑडिट असतं, ही बातमी घरात आणली भाच्यानं. हा मुलगा आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या एका निर्यात कारखान्यात ‘क्वालिटी’त आहे. सुरुवातीला आम्ही नातेवाइकांना तो ‘झिंग्याच्या फॅक्टरीत’ आहे असं सांगायचो आणि ते सांत्वन करायचे. मग त्यानं आकडे सांगितले. २०२३-२४ या एका सालात भारतानं १७.८१ लाख टन सागरी माल परदेशी धाडला, ६०,५२३ कोटी रुपयांचा, आणि त्यात मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा. तेव्हापासून सांत्वन बंद झालं आणि स्थळं यायला लागली.

त्याच्या कारखान्याच्या कॅलेंडरात सणांपेक्षा ऑडिटं जास्त. निर्यात तपासणी परिषदेचे लोक येतात. एमपीईडीए, म्हणजे कोचीचं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, त्यांचं वेगळं. लंडनच्या दुकानदारांना बीआरसीचा शिक्का लागतो, अमेरिकेच्या दुकानदारांना बॅपचा, आणि हॉलंडकडच्या कुणाला एएससीचा. शिवाय ज्याला माल विकायचा त्याचा स्वतःचा ऑडिटर असतोच, कारण बाकीच्या सगळ्यांच्या शिक्क्यांवर त्याचा विश्वास नसतो. विश्वास असता तर शिक्के लागलेच कशाला असते, हा भाग वेगळा.

कारखान्यात शिरायचं म्हणजे गमबूट घालून क्लोरीनच्या पाण्यातून चालायचं. केसांवर जाळी, आणि दाढी असेल तर दाढीला वेगळी जाळी. आमच्या भागात जाळं माशासाठी असतं. तिथं मासा मोकळा आणि माणूस जाळ्यात. बायकांना बांगड्या नाहीत, टिकली नाही, मंगळसूत्र नाही. बोटाला कापलं तर पट्टी लावायची ती निळी, कारण निळ्या रंगाचं खाणं जवळपास नसतंच, त्यामुळे ती कोळंबीत पडली तरी लांबून दिसते. शिवाय त्या पट्टीत धातूचा बारीक पत्रा असतो, म्हणजे डोळ्यानं चुकवली तरी मेटल डिटेक्टर ओरडतो. एवढा विचार करून बनवलेली पट्टी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. आमच्या घरी बोट कापलं तर हळद लावतात, आणि ती तशीही रश्श्यात पडणारच असते.

ऑडिटचा पहिला नियम भाचा असा सांगतो: जे लिहिलं नाही ते झालंच नाही. संडास धुतला हे पुरेसं नाही. दारामागच्या तक्त्यावर तासातासाची सही पाहिजे. एका ऑडिटरला म्हणे महिन्याभराच्या सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच तिरकेपणानं दिसल्या. त्यानं काही न बोलता चष्मा पुसला. पुढच्या वर्षी सह्या तीन रंगांच्या पेनांनी झाल्या आणि ऑडिटरनं शेरा दिला, ‘सुधारणा समाधानकारक’.

चूक सापडली की तिला ‘एनसी’ म्हणायचं, नॉन-कन्फर्मिटी. एनसी मेजर असते किंवा मायनर असते. जिवंत झुरळ दिसलं तर मेजर. मेलेलं दिसलं तर ते बहुधा पेस्ट कंट्रोल चालू असल्याचा पुरावा म्हणून फायलीला लागतं. एनसी आली की तिचं मूळ कारण शोधायचं, आणि त्यासाठी पाच वेळा ‘का’ विचारायचं अशी पद्धत आहे. जपानी मोटार कारखान्यातून आलेली आहे म्हणतात. ती भंडारा जिल्ह्यात चालणार नाही. आमच्याकडे एकाच माणसाला लागोपाठ तीनदा ‘काहून?’ विचारलं तर चौथ्या वेळी तो माणूस तिथं नसतो, आणि पाचव्या वेळी त्याचे भाऊ आलेले असतात.

या सगळ्याच्या मुळाशी ‘हॅसप’ नावाची पद्धत आहे, आणि तिचा जन्म माशासाठी झालेलाच नाही. १९६०च्या आसपास अमेरिकेच्या नासाला अंतराळवीरांसाठी खाणं हवं होतं. वर गेल्यावर त्यांचं पोट बिघडलं तर काय, हा प्रश्न साधा नव्हता. पिल्सबरी नावाच्या कणकेच्या कंपनीकडे काम आलं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तयार माल तपासायला घेतला, तर खात्री पटेपर्यंत तपासणीतच एवढा माल संपायला लागला की अंतराळवीरांच्या वाट्याला थोडाच उरला असता. मग कुणीतरी डोकं चालवलं: शेवटी तपासण्यापेक्षा धोका कुठं शिरतो ते आधीच शोधा आणि त्या जागेवर पहारा बसवा. त्या जागेचं नाव क्रिटिकल कंट्रोल पॉइंट. माणूस चंद्रावर जाऊन आला, त्याचं पोट ठीक राहिलं, आणि डिसेंबर १९९७पासून अमेरिकेनं मासळीच्या प्रत्येक कारखान्याला हेच बंधनकारक केलं. त्याच साली युरोपनं आपल्या मासळीला अस्वच्छतेच्या कारणावरून काही महिने दार बंद केलं, तेव्हा आपल्या कारखानदारांनाही चंद्रावरची शिस्त एकदम पटली.

तर असा हा अंतराळवीरांच्या परंपरेतला भाचा दिवाळीनंतर आमच्याकडे आला आणि मामीबरोबर मासोळीच्या बाजारात गेला. पिशवी धरायला मी होतो.

बाजाराच्या कडेला ढिवर बायका ओळीनं बसलेल्या. पुढ्यात जर्मनचे गंज, प्लास्टिकचे टब, त्यात हात-हातभर मरळ. एका बाजूला राखेची ढेरी, कारण मरळ राख लावल्याशिवाय हातात राहत नाही. पायाखाली पावशी. बांगड्या कोपरापर्यंत, कपाळावर कुंकू रुपयाएवढं. भाच्यानं एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि त्याचा चेहरा गमबूट विसरलेल्या माणसासारखा झाला. खिशातून त्यानं टोकदार थर्मामीटर काढला. हे लोक थर्मामीटर सुटीतही जवळ बाळगतात, डॉक्टरही बाळगत नाहीत.

“मावशी, टेंपरेचर पाहतो फक्त. चार डिग्रीच्या खाली पाहिजे.”

मावशीनं आधी थर्मामीटरकडे पाहिलं, मग टबातल्या मरळीकडे, मग मामीकडे.

“का जी, ताप आला का तिले?”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मेलेल्या माशाला बर्फ पाहिजेच, आणि निर्यातीच्या मालाला तर गोठवल्यावर उणे १८ अंश. पण मरळ हवेतून श्वास घेणारा मासा आहे. ओंजळभर पाण्यात, ओल्या गोणपाटात ती तासन्‌तास तग धरते. ज्या मालाला अजून मरणच आलेलं नाही, त्याची कोल्ड चेन कुठून सुरू करायची यावर भाच्याच्या मॅन्युअलात कलम नव्हतं. तेवढ्यात मरळीनं शेपटी मारली आणि टबातलं पाणी त्याच्या शर्टावर आलं. याला त्यांच्या भाषेत क्रॉस कंटॅमिनेशन म्हणतात.

मग त्यानं ट्रेसेबिलिटी काढली. माल कुठून आला, कुणी धरला, कधी धरला, कुठल्या वाहनानं आला, याची साखळी. कारखान्यात यासाठी बारकोड आहेत, संगणक आहे, वर्षातून एकदा खोटाखोटा माल परत बोलावून चार तासांत शोध लागतो का ते पाहतात. मावशीला हा प्रश्न विचारायचा अवकाश होता.

“आमच्या गावच्या बोडीतली हाये जी. काल सांजी माह्या देरानं जाळं टाकलन. त्याच्या मोटरसायकलवर आनली. पहिले थो पवनीले जात होता, पन त्याच्या सासऱ्यासंगं त्याचं पटत नाई ना.”

पुढे देराचं सासऱ्याशी का पटत नाही, तेही आलं. भाच्यानं वही मिटली. मासा ज्या पाण्यात वाढला ते पाणी, ज्यानं धरला तो माणूस, त्याचे सासरचे संबंध, एवढी माहिती बारकोडात मावत नाही. चार तास तर लागलेच नाहीत.

राखेवर तो अडकला. रासायनिक धोका, तो पुटपुटला. बांगड्या म्हणजे भौतिक धोका, पावशीचा लाकडी पाट म्हणजे जैविक. तीनही प्रकार एकाच चौरस मीटरात. मेजर, मेजर, मेजर. एक मायनर त्यानं पन्नीला दिली, आणि तिथं मात्र मी त्याच्या बाजूचा आहे. पूर्वी हीच मासोळी पळसाच्या पानात बांधून मिळायची.

शेवटी त्यानं विचारलं, “मावशी, फूड लायसन्स आहे ना?” तेव्हा नियम असा होता की वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर लायसन्स लागायचं नाही, वर्षाला १०० रुपये भरून नोंदणी केली की १४ आकडी नंबर मिळायचा. भाच्यानं हे नीट समजावून सांगितलं. मावशीनं १०० रुपये ऐकले नाहीत, १४ आकडेही ऐकले नाहीत. तिनं एवढंच ऐकलं.

“बारा लाखाची मासोरी इकली असती त् येथी बसली असती का जी?”

आता मामीची पाळी. मामी कुठल्याही मानकाच्या पोटात बसत नाही, पण तिची पद्धत पक्की आहे. मरळ जिवंत आहे म्हणून तिकडे तिनं फक्त मोठी कुठली ते पाहिलं. खरी तपासणी शेजारच्या रोहूची. तो आंध्रातून थर्माकोलच्या डब्यात, बर्फात झोपून आलेला, म्हणजे भाच्याच्याच गावाकडचा. मामीनं गलफडा उघडला: लाल आहे का, की चॉकलेटी पडला. डोळा पाहिला: फुगीर आणि काचेसारखा, की आत गेलेला. मग अंगठा पाठीच्या मांसात दाबला आणि सोडला. खड्डा लगेच भरून आला तर मासा पास. नाही आला, तर मामी काही बोलत नाही. अंगठा पदराला पुसते आणि पुढच्या टोपलीकडे जाते. या न बोलण्याची दहशत मी पाहिलेली आहे. ओळीतल्या बाकीच्या सगळ्या बायकांना कळतं, आणि मागून येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही. अपील नाही, दोषदुरुस्ती अहवाल नाही.

भाचा हळूच म्हणाला, “मामाजी, हेच आहे आमच्याकडे. सेन्सरी इव्हॅल्युएशन. त्याच्यासाठी ट्रेनिंग देतात, सर्टिफिकेट देतात.” मामीला कुणी दिलं नाही.

मात्र अंगठ्याला दिसत नाही असंही बरंच असतं, हे मामीच्या वकिलीत विसरून चालणार नाही. २०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मेलिन असल्याचा गलका उठला आणि मासे खाणारा अख्खा प्रदेश काही दिवस डाळ-भातावर आला. फॉर्मेलिन हे प्रेत टिकवायचं औषध. ते लावलेला मासा अंगठ्याच्या परीक्षेत पहिला येईल, कारण तो कडकच राहतो. त्याच वर्षी कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेनं कागदी पट्टीचा संच काढला; पट्टी माशाला घासायची, वरून थेंब टाकायचा, रंग पाहायचा. काम काही मिनिटांचं. कोळंबीतलं क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक तर अंगठ्याच्या फारच पलीकडचं. युरोपनं त्याची रेघ वर्षानुवर्षं ०.३ पीपीबीवर धरली, म्हणजे शंभर कोटी भागांत एक भागसुद्धा नाही. थाई मांगूर या माशावर सरकारनं २००० सालीच बंदी घातली, तरी तो अजून धाडीत सापडतो आणि खड्डे खणून पुरावा लागतो. यातलं काही पदराला पुसून निघणारं नाही.

उलट कागदाचाही कधी कधी तोल जातो. अमेरिकेला जाणाऱ्या प्रत्येक कोळंबीबरोबर एक फॉर्म लागतो, की हिला धरताना समुद्री कासवाला इजा झालेली नाही. समुद्रात जाळं ओढणाऱ्यांसाठी तो योग्यच आहे. आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यात कासवांना सुटकेची खिडकी नसते म्हणून २०१९पासून अमेरिका आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही. पण हा फॉर्म शेततळ्यात वाढलेल्या कोळंबीलाही लागतो. जन्मात जिनं समुद्र पाहिला नाही, तिनं कासवाला त्रास दिला नाही हे सही-शिक्क्यानिशी सांगायचं. आमच्या तलावातल्या झिंग्यांकडून असा फॉर्म मागितला, तर जिल्ह्यातलं एकूण एक झिंगं निर्दोष सुटेल.

रात्री मरळीचा रस्सा आणि चिन्नोरचा भात झाल्यावर भाचा मऊ पडला. म्हणाला, मामाजी, आपण तुमच्या बाजाराचं हॅसप लिहूनच टाकू. वही काढली, रकाने पाडले. धोका, तो कुठून शिरतो, नियंत्रण बिंदू, जबाबदार व्यक्ती. राख आली, बांगडी आली, पाट आला. हे सगळं त्या दिवशीच्या बाजारातलंच होतं. मग तो म्हणाला, आता उगमाकडे जाऊ. हा नदीतला मासा असता तर पाणी कुठलं?

पाणी वैनगंगेचं. गोसेखुर्द धरणाच्या पायाभरणीचा नारळ १९८८मध्ये फुटला आणि आता त्याचं पाणी मागे भंडारा शहरापर्यंत पसरून उभं असतं. नागपूरची नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. पूर्वी ही घाण वाहून तरी जायची. आता ती साचलेल्या पाण्यात मुक्कामाला असते. पाणी हिरवं पडतं, वास मारतं, आणि भंडारेकर नळाच्या पाण्यावरून ओरडतात. भाच्यानं सवयीनं रकाने भरले. धोका: जैविक, रासायनिक, दोन्ही. तीव्रता: मेजर. क्रिटिकल कंट्रोल पॉइंट: नागपूर. जबाबदार व्यक्ती या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. मी दोनतीन खात्यांची नावं सुचवली. त्यानं रकाना बाणासाठी मोकळा ठेवला आणि बाण पानाच्या बाहेर काढला.

चंद्रावरच्या जेवणासाठी निघालेली ही पद्धत पहारा धोका शिरतो तिथं बसवायला सांगते. आमच्याकडे तो मावशीच्या बांगडीवर बसतो, कारण मावशी बाजारात सापडते.

तेव्हा भंडारा, साकोली, पवनी, लाखांदूर, कुठल्याही बाजारात मासोळी घ्यायला गेलात तर मरळ जिवंत पाहून घ्या. बर्फातल्या माशाचा गलफडा स्वतः उघडा, आणि घासायची पट्टी मिळाली तर ती वापरायला लाजू नका. मासा नदीतला की बोडीतला, हे विचारा. उत्तर लांबेल, पण ऐकून घ्या. मावशीची नोंदणी राहिली असेल तर तो फॉर्म भरायला घरच्या पोरांना लावा. आणि नागपूरला कुणी नातेवाईक असतील, तर त्यांच्या महापालिकेच्या निवडणुकीत सांडपाण्याचा प्रश्न काढायला सांगा. तीनदा ‘काहून’ विचारलं तरी चालेल.